नैरोबीतला चहाचा आग्रह

आधी वचन द्या, हसायचं नाही! कारण मी परदेशात जाऊन, भर दुकानात, एका सरकारी बाईंना लाच देऊ केली. तीही हट्टाने!

आमचं घराणं मूळचं राजस्थानचं, आता पक्कं धुळ्याचं. काका आणखी पुढे गेले, थेट नैरोबीला. तिथल्या बाजारात त्यांचं नळ-पाइपांचं दुकान. आजूबाजूचे दुकानदार तपासनीस दिसला की हात ओले करतात. काकांनी उभ्या जन्मात कुणाला दमडी दिली नाही. परवान्यासाठी खेटे घातले, दुकान बंद ठेवावं लागलं, तरी नाही! धुळ्यात पाहुणा आला की आई पोह्यांच्या आधी हीच गोष्ट वाढते.

मागच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो. काका मागे गोदामात, गल्ल्यावर मी. तेवढ्यात पालिकेच्या तपासनीस बाई आल्या. कडक इस्त्री, त्याहून कडक चेहरा.

"परवाना दाखवा," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"दाखवतो हो, बसा तर खरं! चाय?"

बाई ताठ झाल्या. "काय म्हणालात?"

मला वाटलं, ऐकू आलं नाही. ओरडलो, "चाय! चाय!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"मी घेत नाही."

आता सांगा, धुळ्याचा माणूस एवढ्यावर थांबेल? बाजारात एक शब्द शिकलो होतो, किडोगो, म्हणजे थोडंसं. तो फेकला. "किडोगो तरी घ्या! आमच्याकडे सगळे साहेब घेतात!"

"सगळे?"

"सगळे म्हणजे सगळे! काही तर स्वतःहून मागतात!"

"कचेरीत बसून?"

"मग कुठे? चारचौघांत!"

बाईंनी फोन काढला. "आणि या दुकानाचे मालक? तेही देतात?"

"देतात म्हणजे? काकांच्या हातून घेतल्याशिवाय इथून कुणी गेलंच नाही!"

गोदामातून काका धावत आले. "काय बोली ऱ्हायना रे तू?"

"चहा इचारी ऱ्हायनू, काका!"

"आरे येड्या, आठे नैरोबीमा चाय म्हणजे लाच शे, लाच!"

काकांची उभ्या जन्माची अब्रू मी दोन मिनिटांत विकायला काढली होती.

काकांनी बाईंना स्वाहिलीत सगळं समजावलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि एकदम खो-खो हसायला लागल्या.

"या रस्त्यावर जिथे आजवर मला कुणी चाय विचारली नव्हती, असं हे एकच दुकान," त्या म्हणाल्या. "म्हणून तर धक्का बसला!"

काकांनी नुसती टोपी नीट केली. माझी मात्र लाजेने खाली गेलेली मान आपोआप वर आली. आमचे काका आहेत हे!

मग काकूंनी आल्याचा चहा पाठवला, खरा चहा. बाईंनी घोट घेतला आणि अगदी भोळेपणाने विचारलं, "म्हणजे तुमच्या देशात कचेरीतले साहेब फक्त हाच चहा घेतात? तो दुसरा कुणीच घेत नाही?"

काका माझ्याकडे बघायला लागले. गिऱ्हाइकंही बघायला लागली.

मी बशी पुढे केली. "मॅडम, बिस्कीट घ्या ना!"