आई बसली की बंद पडणारी गाडी

कायमचा बिघाड मला आवडतो. मोटर जळाली, फ्यूज उडाला, की तो निमूट समोर पडलेला असतो. माझा राग आहे तो येत-जात राहणाऱ्या बिघाडावर. डॉक्टरच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखा तो नेमका तपासताना शहाण्यासारखा वागतो.

प्लँटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझा जन्म गेला. त्यामुळे बाबांच्या मागे माझ्याकडे आलेली त्यांची गाडी चालता चालता बंद पडायला लागली, तेव्हा गॅरेजला द्यायला मन धजेना. सेक्टर ६ मधल्या क्वार्टरसमोर बॉनेट उघडून मीच भिडलो. बॅटरीचे टर्मिनल घासले, रिले बदलला, एकेक कनेक्टर काढून साफ केला. गाडी छान चालायची. मग रविवारी आईला घेऊन बोरसीला मावशीकडे निघालो, की वाटेत बंद. आई उतरून रस्त्याकडेला उभी राहायची, तेवढ्यात गाडी सुरू. मग ती घाईनं पाय आखडून बसायची आणि आम्ही कसेबसे पोचायचो. माझ्या नाकी नऊ आले होते.

बायको गाडी बाजारात न्यायची, तेव्हा काही नाही. मी ड्यूटीवर न्यायचो, तेव्हाही नाही. हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं.

एका रविवारी ती घराबाहेर आलीच नाही.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी बाजूले बसली का गाडी बंद पडते."

"काहीतरीच बोलून राहिली तू."

"तुया बाबाच्या वक्तीही मीच बाजूले होती."

बाबांना याच गाडीत, स्टिअरिंगवर असतानाच छातीत कळ आली होती. त्यांनी गाडी कडेला लावली, आणि त्यानंतरचं सगळं आईनं एकटीनं पाहिलं. त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी चिडतो, तसा चिडलो. तिनं बोरसीला जाणं सोडलं. मावशीनं अंथरूण धरलेलं, तिला इकडे येणं शक्य नाही. आई फोनवर गुडघ्यांचं कारण सांगायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथंच बसून राहायची.

प्लँटमध्ये आमचा एक साधा रिवाज होता. फॉल्ट सापडत नसला की हत्यारं खाली ठेवायची आणि ऑपरेटरला म्हणायचं, तू रोज करतो तसंच कर, आम्ही पाहतो. घरी मात्र काखेत कळसा अन् गावाला वळसा. आई जे सांगत होती ते अपशकुन म्हणून उडवून लावायचं नव्हतं, तपासायचं होतं.

"आई, गाडीत बस. कुठं जायचं नाही. तू बसल्याबिगर मले फॉल्ट भेटून नाही राहिला."

"अन् बंद पडली त?"

"पडलीच पाहिजे."

नाइलाजानं ती बसली. मी इंजिन सुरू केलं. तिनं पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली. मग, वाटेत नेहमी करते तसं, दुखरे गुडघे सरळ करता यावेत म्हणून खाली वाकून दांडी ओढली आणि सीट पार मागं सरकवली. आमच्या घरात असं दुसरं कोणी करत नाही. उतरताना ती सीट पुन्हा पुढं सरकवून ठेवते, तेही तीच. इंजिन थांबलं.

आईचा चेहरा उतरला. मी मात्र मोठ्यानं हसलो.

मॅट उचलून पाहिलं. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची वायर सीटखालच्या पट्टीत अडकली होती. वरचं आवरण धड, आतलं तांबं तुटलेलं. सीट मागं गेली की ताणून टोकं सुटत, पुढं आली की टेकत. तेवढा तुकडा कापून मी नवी वायर जोडली आणि पट्टीपासून दूर बांधली. आई पायरीवर बसून पाहत होती. काम संपल्यावर तिनं तो तुकडा मागून घेतला. पदरानं पुसून पिशवीत ठेवला.

पुढच्या रविवारी ती सीट मागं सरकवून, पाय लांब करून बोरसीपर्यंत आली. गाडी एकदाही थांबली नाही. मावशीजवळ टेकताच तिनं पिशवीतून तो वायरचा तुकडा काढला आणि बहिणीच्या हातावर ठेवला.

"हे होतं वो बाई," आई म्हणाली. "मी नव्हती."