वळशाच्या खालची जागा

त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याच्या मुलीचा हुद्दा मात्र मला अजून पाठ आहे.

२०१७ साली मी वरोरच्या शाळेत नवा होतो. नारळी पौर्णिमा जवळ आली होती आणि किनाऱ्यावर होड्या रंगत होत्या. एक म्हातारा कोळी आपल्या होडीवरची ओली सोनेरी पट्टी रॉकेलच्या फडक्याने पुसत होता. पट्टी सुबक होती, मध्यावर एक गोल वळसा.

"चांगली आहे की काका, पुसता कशाला?"

"पोरगी नेव्हीत सब-लेफ्टनंट झाली, सर. तिच्या खांद्यावर हीच पट्टी आहे. कागदावर नुसतं एस-एल-टी लिहितात. एवढ्या मेहनतीचं एवढंसं नाव, म्हणून मी मोठी काढली. पण काढली तळाशी, पुढच्या पट्ट्या वर चढवता येतील म्हणून. तिला फोटो पाठवला तर हसत सुटली. म्हणे, बाबा, वळसा कायम सगळ्यात वर. लेफ्टनंट झाले की दुसरी पट्टी त्याच्या खाली येते."

फडकं पिळत तोही हसला. "मला कळायला हवं होतं. होडीत पण भार खालीच भरतो आपण, तेव्हा ती ताठ राहते."

मग एक डोळा मिटून त्याने होडीच्या अगदी वरच्या काठाजवळ नवी पट्टी ओढली, वळसा घातला आणि खाली वीत ठेवत खडूने तीन रेघा मारल्या.

"तीन? तिला सांगितलंत?"

"ती म्हणते एकाच पट्टीची जागा ठेवा." त्याने ब्रश डब्यात बुडवला. "होडी माझी आहे."