पालथा बोर्ड

धानोऱ्याला आमच्या घरची गच्चीवरची टाकी एक दिवसाआड भरून वाहायची. मोटर सुरू करून सासूबाई ओट्यावर गहू निवडायला बसत आणि विसरून जात. मी त्या वेळी शाळेत विज्ञानाच्या तासावर असे. एकदा ते पाणी शेजारच्या काकूंच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर गेलं. वर्षभराच्या तिखटाच्या मिरच्या. काकू भांडल्या नाहीत. ओल्या मिरच्यांनी भरलेलं सूप आमच्या ओट्यावर ठेवून निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

टाकी भरली की वाजणारं यंत्र करायचं मी ठरवलं. वीस वर्षं फळ्यावर विद्युत परिपथ काढतेय, एक करायला काय जड आहे? आधी ब्रेडबोर्डवर जुळवलं. त्यात तारा नुसत्या भोकांत खोचायच्या असतात. ते पहिल्याच फटक्यात वाजलं. पण गच्चीवर न्यायला उचललं की कुठलीतरी तार सुटायची. म्हणून नंदुरबारहून कोरा बोर्ड आणला. दुकानात त्याला झिरो पीसीबी म्हणतात. नुसती भोकं, खालच्या बाजूला प्रत्येक भोकाभोवती तांब्याचं कडं, आणि कशाचा कशाशी संबंध नाही. सगळे संबंध आपणच जुळवायचे.

पुढचे तीन रविवार त्यात गेले. जोडासाठी वितळवलेलं सोल्डर हवं तिथे चिकटेना, नको तिथे पसरे. दोन शेजारची कडी जोडली गेली की ते खरवडून काढायचं, खरवडताना कडंच उखडून यायचं. बोटं भाजली. स्वयंपाकघरात सोल्डरचा धूर झाला म्हणून सासूबाईंनी पोळ्या अंगणातल्या चुलीवर केल्या.

अखेर सगळं जोडलं आणि बॅटरी लावली. आवाज नाही. बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपला हात लावला तर ती तव्यासारखी तापलेली. दुसरी लावली, तीही तापली. प्रत्येक जोड कागदावरच्या आकृतीशी ताडून पाहिला. एकही चूक सापडेना. रडू यायचं तेवढं राहिलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर ते सगळं डब्यात घालून नंदुरबार स्टेशनजवळच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी बोर्ड हातात घेतला, आकृती पाहिली, बोर्ड उलटा केला, परत सुलटा केला. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, कागद बरोबर शे. पण तुम्हीन बोर्ड पालथा करा, कागद नही करा."

बोर्ड मी पालथा केला होता, कागद केला नव्हता, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. आकृती चिपकडे वरून पाहून काढलेली होती. मी मात्र बोर्ड पालथा घालून खालून जोडत होते आणि कागद तसाच समोर ठेवला होता. डावीकडचे पाय उजवीकडे गेले होते. बॅटरीची दोन टोकं चिपला उलटी मिळत होती, ती तापणारच. आरशात डावं-उजवं बदलतं हे मी दरवर्षी सातवीला शिकवते. तसं मी मिस्त्रींना सांगितलं नाही.

त्यांनी दुरुस्त करून देतो म्हटलं. मी नको म्हटलं, रागानेच. येताना नवा बोर्ड आणि चिप घेतली, घरी कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरून आकृती मागून गिरवली आणि पुन्हा पहिल्या भोकापासून सुरुवात केली. या खेपेला सोल्डरचे डागही जरा बरे बसले. बरे म्हणजे, मिस्त्रींना दाखवावेत असे नव्हेत.

मंगळवारी सुट्टी म्हणून मी घरीच होते. टाकी भरली आणि जिन्यात ते यंत्र कर्कश वाजू लागलं. सासूबाई उठल्या, मोटर बंद केली, परत येऊन बसल्या. त्या काय म्हणतात याची मी वाट पाहत होते. गहू निवडता निवडता त्यांनी विचारलं, "त्याना आवाज जरा कमी व्हई का?"

होऊ शकतो, एक भाग बदलावा लागेल एवढंच. मी मात्र नाही होणार म्हणून सांगितलं.