ताईचा नमुना आणि माझी पत्रकं

तुमच्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तर तुम्ही दारात आडवे उभे राहता की पोहे भिजवायला पळता? खरं सांगा!

मी आडवा उभा राहिलो. माझ्या बहिणीचं बास्केटबॉलमधलं करिअर एका सकाळी जवळजवळ संपलं, त्याचं कारण एवढंच.

आमचे बाबा साजगावच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. (आता निवृत्त आहेत. आता फक्त घरात संप करतात.) मी वाचायला शिकलो तो 'कामगार बंधूंनो, जागे व्हा!' या ओळीवर, आणि तेव्हापासून नीट झोपलेलोच नाही. मोठा झाल्यावर स्वतःची दोन पत्रकं काढली आणि नेरळपासून खोपोलीपर्यंत पायपीट करून वाटली. पहिलं, 'मुलगी म्हणजे बाजारातली भेंडी नव्हे!' हे बघण्याच्या कार्यक्रमाविरुद्ध. दुसरं, 'पत्रिका नको, वैद्यकीय तपासणी हवी!' दोन्ही पत्रकं बरोबर होती, अजूनही आहेत. गोंधळ मी घातला, पत्रकांनी नाही.

माझी थोरली बहीण निशाताई सहा फुटांच्या वर आहे. आमच्या पोशीर गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी तिच्या कपाळाला ओळखतात. शाळेतल्या सरांनी तिच्या हातात चेंडू दिला, आणि आज ती पोलंडमधल्या एका क्लबची पगारी खेळाडू आहे. समोरच्या सखूकाकूंना हे अजून पटलेलं नाही.

"टोपलीत चेंडू टाकायचा पगार देतात? टोपलीला बूड तरी हाय का?"

"नसतं काकू."

"मग टाकून उपेग काय?"

सुट्टीत ताई घरी आली, तेव्हा तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं, "मी रोज सकाळी सात ते आठ या घरात असेन, असं कळवलंय. उत्तेजक द्रव्य घेते का ते तपासायला माणसं कधीही येतील, न सांगता. त्या तासात त्यांना भेटले नाही, तर चूक माझी. दोनदा चुकलंय. एकदा विमान लेट, एकदा इथं रेंज नव्हती म्हणून पत्ता बदलता आला नाही. तिसऱ्यांदा चुकलं की बंदी. खेळ गेला, क्लब गेला, सगळं गेलं. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. आणि खरंच कळलं होतं! फक्त माझ्या डोळ्यांसमोर जो तपासनीस उभा राहिला तो गोरापान होता, पांढऱ्या कोटात होता, आणि पोलंडहून थेट पोशीरच्या नाक्यावर उतरणारा होता.

त्या सकाळी आई-बाबा खोपोलीला लग्नाला गेले होते. ताई मागच्या अंगणात कानांत गाणी घालून दोरीच्या उड्या मारत होती. मी पुढे ओटीवर तिसऱ्या पत्रकाची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात सखूकाकू धावत आल्या.

"अरं, पाव्हणं आलं! नाक्यावर इचारत व्हते, उंच पोरीचं घर कंचं म्हणून!"

माझं रक्त उकळलं. (त्याला फार वेळ लागत नाही.) फाटकातून चष्मा लावलेल्या एक बाई आत आल्या. मागे कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण. त्याने एक बॅग दोन्ही हातांनी अशी धरली होती, की आत साखरपुड्याची साडीच असणार!

"निशा इथंच राहतात ना? त्यांना भेटायचंय."

"कशासाठी?"

"ते त्यांनाच सांगू."

"येणार म्हणून कळवलं होतंत?"

"आम्ही कधीच कळवून येत नाही."

बघा! मुलगी कशी दिसते, घर कसं ठेवते, सगळं बेसावध पकडायचं! मी पत्रक क्रमांक एक बाईंच्या हातात कोंबलं. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. मी ते न वाचताच बाजूला सारलं. (हल्ली वधूवर सूचक मंडळवालेही गळ्यात ओळखपत्रं घालतात.)

"दादा, आमचा वेळ जातोय."

"तुमचा थोडा वेळ जातोय मॅडम! बायकांची हजारो वर्षं गेलीत!"

"अरं, पाव्हण्यांशी असं बोलत्यात?" काकू मधे पडल्या. "या ओ तुमी माझ्या घरी. पोहे टाकते, पोरीला तिथंच आणते."

"नको. आम्हाला याच घरात थांबावं लागेल."

"ऐकलंत काकू? आतापासूनच हक्क!"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांचाही संयम सुटला. "हे बघा, आठ वाजून गेले की माझ्या हातात काही राहणार नाही. मला त्यांच्या लघवीचा नमुना हवाय!"

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"अगं बाय," काकू पुटपुटल्या, "पत्रिका सोडून ह्ये काय नवीन?"

इथे तरी मला कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. ताईही तेच म्हणते. पण माझ्या डोक्यात पत्रक क्रमांक दोन लखलखलं! पत्रिका न मागता तपासणी मागणारं स्थळ! माझं पत्रक कोणीतरी वाचलं होतं! क्षणभर डोळे भरून आले. पण दुसऱ्याच क्षणी समानतेचा प्रश्न उभा राहिला, आणि मी त्या तरुणाकडे वळलो.

"मान्य! पण आधी तुम्ही द्या."

"मी?"

"मग काय! तपासणी एकट्या मुलीचीच? तुमच्यात दोष असूच शकत नाही?"

"अहो, माझा काय संबंध?"

"लग्न तुमचं आणि तुमचा संबंध नाही?"

"माझं लग्न झालंय!" तो किंचाळला.

"झालंय?" मी आणि काकू एकदम.

"बिजवर!" काकूंनी कोपऱ्यातला खराटा उचलला. "आमच्या निशेला बिजवर आणलाय? थांब मेल्या!"

तो बिचारा बॅग डोक्यावर धरून तुळशीभोवती पळू लागला. मागे काकू. त्यांच्या मागे मी, "हिंसा नको काकू, आपण निषेध नोंदवू!" असं ओरडत. आणि फाटकात मॅडम, सारख्या घड्याळाकडे बघत.

गलका इतका वाढला की ताईच्या कानातल्या गाण्यांनीही हार मानली. ती घराला वळसा घालून पुढे आली. "काय चाललंय रे?" मग तिला बॅग दिसली. मग ओळखपत्र. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला, आणि पोलंडहून निघालेला माझा गोरा तपासनीस त्याच क्षणी पांढऱ्या कोटासकट विरून गेला.

"मॅडम," तिने हातातली दोरी टाकली, "किती वाजले?"

मॅडमनी मनगट वर केलं. काकूंचा खराटाही हवेतच थांबला.

"आठ वाजायचेत अजून," मॅडम म्हणाल्या. "जेमतेम. या, सही करा."

ताईने तिथेच पायरीवर बसून सही केली.

पण सुटका कुठली! ती नुकतीच बाथरूमला जाऊन आली होती. त्यामुळे मॅडमच्या सीलबंद बाटल्यांतलं पाणी पीत ओटीवर बसणं आलं, आणि नियमाप्रमाणे मॅडमनी तिला नजरेआड होऊ न देणं आलं. ताई न्हाणीघराकडे निघाली की मॅडम मागोमाग. "असली सासू जन्मात बघितली नाय," काकू शेजारणींना सांगत होत्या, "मोरीतबी मागं!" मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी बिजवराला मी हाकलत व्हते, आन् पोरीच्या भाकरीला तू?"

नमुना मिळाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाहुणे गेल्यावर ताई माझ्याकडे वळली.

"तू माझ्यासाठी लढत होतास?"

"हो!"

"आणि मी कुठे होते?"

"मागच्या अंगणात."

"मग एकदा येऊन विचारायचं होतंस की, 'ताई, तुला भेटायचंय का यांना?'"

मी तिसऱ्या पत्रकाचा कागद ओढला आणि पहिल्या ओळीत हाच प्रश्न लिहिला.

तपासणीत अर्थातच काही निघालं नाही. ताई पोलंडला परत गेली आणि बूड नसलेल्या टोपलीत चेंडू टाकते आहे. पण पुढच्या सुट्टीत ती येईल, आणि ती माणसंही येतील, न सांगता. म्हणून वाचकहो, एक कळकळीची विनंती. पोशीरच्या नाक्यावर कोणी बॅगवाले तुम्हाला उंच पोरीचं घर विचारू लागले, तर काही न बोलता त्यांना थेट मागच्या अंगणात नेऊन सोडा. पुढच्या दारात मी असतो!