दत्ताच्या तसबिरीखालचं पाकीट

श्रद्धा आणि भीती यांतला फरक मला पन्नाशी उलटल्यावर कळला. त्याची किंमत मात्र माझ्या धाकट्या बहिणीने, वासंतीने मोजली.

आमची थोरली ताई स्तनाच्या कॅन्सरने गेली. निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर मला म्हणाले, "भाईसाहब, छोटी बहन की जीन की जाँच करवा लीजिए. ख़तरा पहले ही पता चल जाएगा." वासंती आमच्याकडेच राहते. तिने रक्त दिलं आणि रिपोर्ट आणायला मी गेलो.

महत्त्वाचा कागद आधी देवापुढे ठेवायचा, मग उघडायचा, ही आमच्या घरची रीत. नेहरूनगरच्या घरी येऊन मी ते बंद पाकीट दत्तापुढे ठेवलं. उचलायला मात्र हात धजेना. शेवटी ते तसबिरीखाली सरकवलं.

"दादा, रिपोर्ट आला का रे?"

"अजून नाही."

असे चार महिने गेले. रोज पूजेत मी "तूच बघ" म्हणायचो आणि त्यालाच समर्पण समजायचो.

एका गुरुवारी सकाळी फुलं वाहताना समई कलंडली. तेल तसबिरीखाली पसरलं. घाईने पाकीट ओढलं, तर तेलाने कागद पारदर्शक झाला होता आणि आतली अक्षरं वर आली होती. धोका मोठा आहे, लगेच पुढच्या तपासण्या करा, एवढं वाचता आलं. समई माझाच हात लागून पडली असेल. मी वाद घालत नाही. पण न उघडता वाचायला लागलं, एवढं खरं.

तेलकट पाकीट तसंच वासंतीच्या हातात दिलं आणि सगळं कबूल केलं. तिने ती वर आलेली अक्षरं वाचली. मग म्हणाली, "दत्ताला इंग्रजी येतं असं वाटलं का तुला?" आणि रडू लागली.

तपासणीत गाठ सापडली. "अभी छोटी है," डॉक्टर म्हणाले. चार महिन्यांपूर्वी केवढी असेल, हे मी विचारलं नाही. तिनेही नाही.

शस्त्रक्रिया झाली, औषधं चालू आहेत. तिचे केस गेले. देवाने मला हाक दिली, याचं ऋण मी मानतो. वासंतीची माफी मागायचं धाडस अजून होत नाही.

काल तिचा नवा रिपोर्ट आणला. दत्तापुढे ठेवला, हात जोडले, आणि लगेच उचलून बंद पाकीट तिच्या हातात दिलं. ती उघडेपर्यंत मी तिच्याजवळ बसून राहिलो.