तिसऱ्या दिवशीची सूज

प्लॅस्टिक सर्जरीच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, तिशीतला एखादा फोटो घेऊन या. चेहरा नीट दिसेल असा. म्हणजे ताणायचं किती, उचलायचं किती, याचा अंदाज येतो. मी घरभर शोधलं. माझा एकटीचा धड फोटो सापडेल तर शपथ! जिथं मी, तिथं ती. शेवटी कुणाच्या तरी लग्नातला फोटो उचलला आणि राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात गेले. फोटोत दोघी शेजारी उभ्या, अंगावर एकसारख्या साड्या.

बाईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "यातल्या तुम्ही कुठल्या?"

मी बोट ठेवायला गेले आणि हात थांबला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाच कळेना. मग एकीच्या गळ्यातली बोरमाळ दिसली. ती तिची, सासरकडची. तेव्हा कुठं उमगलं की दुसरी मी. 

ती म्हणजे माझी थोरली बहीण. दीड वर्षानं मोठी. अकरा वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजारानं गेली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. जुळ्या नव्हतो आम्ही, पण मंगळवार पेठेत निम्मी माणसं आम्हाला जुळ्याच समजायची. डोळे तर अगदी एकच. जन्मापासून अर्धवट मिटलेले, झोपाळू. शाळेत दोघी एकाच वर्गात; मास्तर खडू फेकून म्हणायचे, "उठ की गं, सकाळ झाली!" चूक कुणाचीही असो, खडू कधी मला बसायचा, कधी तिला.

ती गेली आणि तिचा चेहरा माझ्याकडं राहिला. सकाळी दात घासायला उभी राहिले की आरशातून ती बघायची. आधी बरं वाटायचं. मी तिच्याशी बोलायचेसुद्धा. "बघ, तुझे दाजी, म्हणजे माझा नवरा, आज परत चहात साखर विसरले." पुढं पुढं मात्र भीती वाटायला लागली. माझ्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या, गाल ओघळले, आणि ते सगळं तिलाही यायला लागलं. मेलेली बाई माझ्या आरशात म्हातारी होत होती. दोघींचं म्हातारपण मी एकटीनं ओढायचं होय?

आणि वर दरवर्षीची ती नवमी.

नवरा हयात असताना जी बाई जाते, तिच्या नावानं पितृपक्षात नवमीला सवाष्ण जेवू घालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणीच्या घरी ती सवाष्ण पहिल्या वर्षापासून मी. तिच्या एकुलत्या लेकीनं हट्टच धरला. "मावशीच पायजे." तेव्हा ती सोळा वर्षांची होती, तिला नाही कोण म्हणणार? माझा पाट भिंतीवरच्या बहिणीच्या फोटोच्या बरोबर खाली. पोर आधी फोटो पुसायची, हार घालायची. मग माझ्यासमोर बसून हळद लावायची, कुंकू लावायची, ओटी भरायची. आणि सगळं झालं की माझ्या डाव्या गालावर हात ठेवायची.  नुसती बघत राहायची. पानात खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी, सगळं निवून जायचं. मी खाली मान घालून बसायचे, कारण ती ज्या बाईकडं बघत होती ती मी नव्हे, हे मला कळत होतं.

नववी की दहावी नवमी असेल. कढी वाढताना पोर म्हणाली, "आई आता अशी दिसली असती, न्हवं?" आणि तेवढ्यात पलीकडच्या पानावरून माझे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, आपल्याच तंद्रीत मला म्हणाले, "अगं, जरा मीठ दे."

मला ते 'अहो ताई' असं काहीतरी म्हणायचे नेहमी. 'अगं' तिला. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी मीठ दिलं. घरी येऊन मात्र पातेली आपटली. नवरा म्हणाला, "झालं काय?" मी म्हणाले, "मला तोंड बदलायचंय." तो हसला. "आता काय, शिनेमात काम मिळालंय व्हय?"

कुणाला सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी डॉक्टरबाईंना एवढंच म्हणाले, लहान दिसायला नकोय, वेगळी दिसायला हवंय. त्यांनी मला आरसा दिला, बोटांनी पापण्या वर उचलल्या, कानापाशी गाल मागं ओढले. "ही झोप काढून टाकू," म्हणाल्या. मग सगळं रीतसर सांगितलं. कानामागं टाके येतील. डोक्याला आणि हनुवटीखालून पट्टी. दोन उशा घेऊन झोपायचं, चावायचं नाही, बोलायचं कमी, हसायचं तर नाहीच. तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, तेव्हा आरशात बघू नका, बायका घाबरतात. दहाव्या दिवशी टाके निघतील. गालाला बधिरपणा राहील, वर्षभरात जाईल. एखादीला एखादी जागा तशीच राहते. मी सगळ्याला मान डोलावली. परीक्षेचे नियम मुलांना वाचून दाखवावेत, तसं त्यांचं बोलणं होतं. शाळेतल्या पोरांइतकंच मीही ते मनावर घेतलं.

तारीख मागितली तर म्हणाल्या, पितृपक्षात रिकामंच असतं, तेव्हा कुणी असलं काही करत नाही. मी म्हटलं, द्या तेव्हाचीच. मला वाटलं, बरंच झालं, नवमीला पाटावर बसायला नको. बहिणीच्या लेकीला फोन केला. "डोळ्याचं ऑपरेशन हाय माझं. यंदा दुसरी सवाष्ण बघा." ती नुसतं "बरं" म्हणाली. ती तेव्हा सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला. मला हलकं वाटलं. एवढी शाळेत गणित शिकवणारी बाई मी, पण षष्ठीच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस म्हणजे नवमीच, ही बेरीज काही केली नाही.

त्या दिवशी सकाळी तोंड धुवायला उठले आणि नको म्हटलेला आरसा बघितला.  बेसिन धरून उभी राहिले.

हे सांगायचं तर मागचं एक सांगितलं पाहिजे. बहिणीचे शेवटचे तीन आठवडे तोंड सुजून एवढं झालं होतं की डोळे त्यात बुडून गेले होते. गाल तट्ट, ओठ वाकडे, कातडी काळीनिळी. ती मला म्हणाली होती, "ह्ये तोंड माझ्या पोरीला दाखवू नको. तुला माझी शपथ हाय." म्हणून दहावीच्या अभ्यासाचं निमित्त करून पोरीला मुरगूडला आत्याकडं धाडलं. कुणी तिला विचारलं नाही, जायचं का म्हणून. मीच एसटीत बसवून आले. आणली ती सगळं संपल्यावर. तेव्हा बहिणीचा मळवट भरला होता, हळदीकुंकवाखाली काही दिसतच नव्हतं. पोरीनं मला एकदाच विचारलं, "मावशे, आई शेवटी कशी दिसत हुती?"

"झोपल्यासारखी," मी म्हणाले होते.

आणि आता बेसिनवरच्या आरशात तीच. शेवटच्या आठवड्यातली. जिला घालवायला मी कातडी कापून घेतली, ती पट्टी बांधून समोर उभी. मी म्हणाले, "अगं बाई, जा की गं आता!" पण जबडा आवळलेला, नीट आवाजही निघाला नाही. खोलीत येऊन पडले. नवऱ्याला बजावलं, आज कुणालाही आत सोडायचं नाही.

दुपारी बाराच्या सुमारास बेल वाजली. नवऱ्यानं दार उघडलं आणि पोरीचा आवाज आला, "मावशीला येता येत न्हाई, तर ताट घेऊन मीच आलो." मी उशी तोंडावर ओढणार तोवर ती दारात उभी. तिला कसं अडवू, असं नवरा नंतर म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं!

हातात झाकलेलं ताट, खांद्यावर पिशवी. ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, ताट पडतंय आता. पण तिनं ते हळू टेबलावर ठेवलं. पलंगाशी आली. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अशी?" तिनं विचारलं.

 शपथ आठवली, एसटीतलं तिचं खिडकीला चिकटलेलं तोंड आठवलं. खोटं बोलायला आता तोंड होतंच कुठं.

"व्हय," मी म्हणाले. "अशीच."

पोर खाली बसली. रडली नाही. पिशवीतनं करंडा काढला, पट्टीच्या खाली उरलेल्या बोटभर कपाळावर कुंकू टेकवलं. ओटी भरली. मग चमच्यानं खीर भरवायला लागली, एकेक शीत बोटानं चिरडून. आणि भरवता भरवता बोलायला लागली. माझ्याशी नव्हे.

"दहावीला शाळेत दुसरी आलो मी. तुला सांगायचं ऱ्हायलं. मुरगूडला मी कुणाशी बोलायचो न्हाई. तुझ्यावर लई राग हुता माझा. मला का धाडलंस गं? मी भ्यालो नसतो. असली काय, तसली काय, आई ती आई." थोडं थांबून म्हणाली, "बाबा अजून मीठ जास्त खातात. माझं ऐकत न्हाईत."

मी गप्प पडून राहिले. डॉक्टरबाईंनी बोलायला मनाई केली होती म्हणून नाही. मी एक शब्द बोलले असते, तर पोरीसमोरची तिची आई गेली असती, म्हणून. दहा वर्षं बहिणीच्या चेहऱ्याचा जाच झाला म्हणून मी चिडचिड केली. त्या दुपारी मात्र तो चेहरा मी जपून धरला. देवा शपथ, हललेसुद्धा नाही.

शेवटी तिनं डाव्या गालावर हात ठेवला, दरवर्षीसारखा. मला तो दिसला. जाणवला नाही. तिथं सगळं बधिर होतं.

"आता जा," ती म्हणाली. मग पानातला घास घेऊन गच्चीवर कावळ्याला ठेवायला गेली. खाली आली ती डोळे पुसूनच.

दहाव्या दिवशी टाके निघाले. महिन्याभरात सूज गेली, पापण्या उचललेल्या, डोळे टक्क उघडे. शाळेत एक बाई म्हणाल्या, "कात टाकलीत की तुम्ही!" नवरा दोन दिवस माझ्याकडं बघताना लाजत होता. आरशात आता कुणी येत नाही. एक बरी दिसणारी बाई असते, तिची माझी अजून तितकीशी ओळख नाही. मी एकदा हळूच हाक मारून बघितली. वेड्यासारखी. मग दात घासून गुपचूप बाहेर आले.

यंदा नवमीच्या आधी पोरीचा फोन आला. "मावशे, ये हं. शेजारच्या काकींना सवाष्ण म्हणून सांगितलंय. तू वाढायला ये. मला एकटीला उरकणार न्हाई."

मला राग आला. का आला ते विचारू नका. हेच तर हवं होतं मला! तरी गेले. काकी पाटावर बसल्या, फोटोच्या खाली. पोरीनं त्यांना हळदकुंकू लावलं, ओटी भरली, वाकून नमस्कार केला आणि उठली. गालाला हात लावला नाही. दाजी मला म्हणाले, "ताई, कढी वाढा जरा." मी कढी वाढली. चांगली झाली होती म्हणे. मी मागून स्वयंपाकघरात उभ्यानंच दोन घास खाल्ले.

निघताना दारात चप्पल घालत होते. पोर निरोप द्यायला आली आणि का कुणास ठाऊक, मी आपणहून गाल पुढं केला. वय झालं तरी अक्कल म्हणून नाही.

ती हसली. "काय गं मावशे, मुका पायजे व्हय?" म्हणाली आणि तिनं माझ्या डाव्या गालावर हात ठेवला. आणि माझ्या डोळ्यांत बघितलं, या नव्या, टक्क उघड्या डोळ्यांत. तिकडं दुसरं कुणी नव्हतं. "जेवलीस का नीट? सगळ्यांना वाढण्यात तुझंच ऱ्हायलं."

अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदा तो हात माझ्यासाठी होता. वर्ष उलटून गेलं, सगळ्या तोंडाला जाण आली, तेवढ्या जागेला आली नाही. तिच्या बोटांना हळदीचा वास येत होता. तो हात अजून गालावर आहे का, हे मी तिच्या बांगडीकडं बघून ओळखत होते.