टायरची जोडी

बाबांनी बैलजोडी विकून जीप घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. लष्कराने काढून टाकलेली जीप होती, हिरवा रंग जागोजागी उडालेला. आम्ही शहरातल्या महाल भागात राहत होतो आणि धानाची शेती रामटेककडे होती. बाबा दर रविवारी तिकडे जात. पुढे बाबा आणि आई, मागे खताची पोती आणि मी, अशी बसण्याची व्यवस्था होती.

मला ती जीप चालवायला शिकायची होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी फारसं काही सांगत नसे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी पुस्तकी आहे असं नातेवाइकांचं मत होतं, आणि ते ऐकण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं. पण जीप धुऊन झाली की मी स्टीअरिंगमागे बसून राहायचे, त्यावरून बाबांनी ओळखलं.

"शिकायची आहे काय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

ते आत जाऊन पितळी तांब्या घेऊन आले. तो त्यांनी जीपच्या समोर काही अंतरावर, जमिनीवर ठेवला. "दिसून राहिला काय?"

दिसत नव्हता. मला बॉनेट दिसत होतं आणि त्याच्यावर समोरच्यांची गच्ची. बुडाखाली उशी घेतली तर तांब्याचं तोंड दिसे, पण मग पाय क्लचपर्यंत पोचत नसे.

"तांब्या दिसंल त्या दिवशी शिकवतो," बाबा म्हणाले आणि त्यातलं पाणी पिऊन तांब्या आत घेऊन गेले.

त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत जीप पांदणीत अडकली. शेतावर जायची ती वाट बैलगाड्यांची. दोन्हीकडे चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मध्ये मातीचा उंचवटा. बैलगाडीची चाकं उंच, तिला काही होत नाही. आमच्या जीपचं पोट त्या उंचवट्यावर टेकलं आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. शेवटी बाजूच्या शेतकऱ्याने बैल आणून आम्हाला ओढून काढलं. तो जीपभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "गाडी बेस आहे भाऊ. पाय तेवढे आखूड आहेत."

मोठे टायर घ्यायचे हे बाबांनी पांदणीतच ठरवलं असावं.

खरेदीला मामांना बोलावलं. मामांनी आयुष्यात टायर घेतला नव्हता, पण बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि बाबांच्या लेखी ते पुरेसं होतं. टायरवरचं इंग्रजी वाचायला मला नेलं. इतवारी बाजाराच्या पलीकडे एक टायरवाला होता, तिथे गेलो. मामांनी एकेक टायर उभा करून घेतला, दाबून पाहिला, त्याच्या नक्षीत बोट घालून खोली पाहिली. मग दोन पावलं मागे सरून नुसते बघत राहिले.

"वाचा मॅडम," ते मला म्हणाले.

मी आकडे वाचले. माझं काम संपलं.

"हे दोन द्या," मामा म्हणाले.

"चार लागतील ना साहेब," टायरवाला म्हणाला.

"चार काहून? जोडी नेतो. जमली तं दुसरी जोडी नेऊ."

"पुढे-मागे फरक पडेल."

"बैलातही उजवा थोडा उंच राहते. चालतो का नाही?"

टायरवाल्याने बाबांकडे पाहिलं. बाबा मामांकडे बघत होते. जोडी जमते की नाही हे आधी पाहावं, मग पुढचं, हा आमच्याकडचा रिवाजच होता आणि त्यात त्या दोघांनाही खटकण्यासारखं काही दिसलं नाही.

मग जोडी पुढे लावायची की मागे, यावर वाद झाला. मामांचं म्हणणं, बैल पुढेच असतात. म्हणून टायर पुढे लावले. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की ते आतल्या पत्र्यांना घासू लागले. मग मागे लावले.

जीप पुढून वाकली. मान खाली घालून काहीतरी हुंगत उभी आहे अशी दिसायची. आई बसल्याबरोबर पुढे घसरली आणि तिने दोन्ही हात समोर टेकवले. गल्लीत शेजारचे आजोबा थांबले.

"काहो, ब्रेक लागून राहिला काय?"

"नाही. उभी आहे," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी स्टीअरिंगमागे बसले आणि समोरची जमीन दिसली. मी बाबांना हाक मारली. त्यांनी तांब्या आणून ठेवला. तांब्या दिसत होता. बाबांनी तो थोडा जवळ आणला. तरीही दिसत होता.

"उद्या सकाळी," ते म्हणाले.

पुढचे काही आठवडे मी रामटेकच्या रस्त्यावर रोज पहाटे शिकले. बाबा शिकवताना कमी बोलत. मी चुकले की ते जीपच्या उघड्या बाजूने बाहेर बघत. मला ते बरं वाटायचं. लायसन्सच्या परीक्षेची तारीखही मिळाली.

त्याच्या आदल्या रविवारी पांदणीत खूप चिखल होता. बाबांनी चारही चाकांना जोर मिळावा म्हणून गिअरशेजारची लहान दांडी ओढली. शेतावर व्यवस्थित पोचलो. परत डांबरी रस्त्यावर आल्यावर मात्र दांडी परत जागेवर येईना. स्टीअरिंग जड झालं आणि जीप धक्के खात चालू लागली. आम्ही तशीच एका मेकॅनिकपर्यंत नेली. त्याने ती मागेपुढे करून दांडी सोडवली.

"पुढचे लहान, मागचे मोठे," तो म्हणाला. "चारही चाकं जुंपली का आतमध्ये भांडण लागते. एकतर चारही मोठे लावा, नाहीतर चारही जुने."

चारही मोठे लावायचे तर पुढचे पत्रे कापावे लागणार होते. बाबांना ते मान्य नव्हतं. मामांना निरोप गेला. मामा ती जोडी घेऊन टायरवाल्याकडे गेले आणि जोडी लागली नाही, परत घे, असं म्हणाले. बैल नांगराला जुंपून पाहतात आणि चालला नाही तर बाजारात परत करतात, तसं. टायरवाल्याने त्यांना चहा पाजला आणि टायर घेतले नाहीत. मामा ती जोडी गावी न्यायची म्हणून आमच्या घरी घेऊन आले.

जुने टायर लागले, जीप सरळ झाली आणि मला पुन्हा बॉनेट आणि गच्ची दिसू लागली.

"आता दिसत नाही ना?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मंग परीक्षा पुढच्या खेपेस."

"भाऊजी बरोबर म्हणून राहिले वं," मामा म्हणाले. "आंधळ्यावानी चालवशील काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग भाजी निवडू लागली.

"दिसत नाही," मी म्हटलं, "पण जमीन बॉनेटच्या पुढे किती आहे ते आता मला माहीत झालंय. टायर बदलले म्हणून ते विसरायला होत नाही."

एवढं लांब वाक्य मी मामांसमोर प्रथमच बोलले होते. मामा म्हणाले, "पाहा, मॅडम बोलल्या." परीक्षेच्या सकाळी बाबा येऊन डाव्या बाजूला बसले.

मैदानावर परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब आले. ते अंगाने मोठे होते, बाबा उतरून ते त्यांच्या जागी बसल्यावर जीप त्या बाजूला कलली. त्यांनी मला चक्कर मारायला लावली, चढावर थांबवून पुन्हा निघायला लावली, दोन बांबूंच्या मधून मागे घ्यायला लावली. बांबू दोन्ही उभे राहिले. साहेब खाली उतरले, पुढे जाऊन बॉनेटची उंची पाहिली, मग माझी. मग बाबांना विचारलं, "यांना रस्ता दिसतो काय?"

"तिलेच विचारा," बाबा म्हणाले.

साहेबांनी मला विचारलं.

"थोडा पुढचा दिसतो," मी म्हटलं. "अगदी जवळचा लक्षात ठेवावा लागतो."

साहेबांनी कागद बॉनेटवर ठेवला. मग त्यांनी सही केली.

परत येताना मीच चालवत होते. इतवारीत हातगाड्यांची गर्दी होती आणि एक टेम्पो वाटेत आडवा उभा होता. तो हलेपर्यंत आम्ही थांबलो.

"येत्या रविवारी माझं काही जमत नाही," बाबा टेम्पोकडे बघत म्हणाले. "खत तू घेऊन जा."

टेम्पो हलला. मी बरं म्हटलं आणि गिअर टाकला. पहिल्यांदा नीट पडला नाही, परत टाकावा लागला.